भिंतीवरची सुजाता

सुजाता हे तिचं खरं नाव नाही. खरं नाव मी एकदा छापलं होतं, मोठ्या अक्षरात, लाल शाईत. तेवढं पुरे झालं. गावही दवनीवाड्याच्या आसपासचं कुठलंतरी समजा. बाकी जे लिहिते आहे त्यात बदल नाही.

मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. विसाव्या वर्षापासून तेच करत आले. पत्रकात माणूस नसतो, उदाहरण असतं. 'अमुक गावची तमुक, वय इतकं, तिच्यावर हा अन्याय' एवढं लिहिलं की पुढे मागण्या. मागण्या क्रमाने, शेवटी उद्गारचिन्ह. सुजाता मला भेटली तेव्हा माझ्या पिशवीत अशीच पत्रकं होती, आणि तिने पहिल्या दहा मिनिटांत माझं पत्रक नापास केलं.

दोन हजार तीन साल असेल. गोंदियाहून नागपूरला जाणारी सकाळची पॅसेंजर. आमच्या संघटनेची खर्राविरोधी मोहीम चालू होती. आमच्या भागात खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घासून केलेला तोबरा. पोरं दहाव्या वर्षी चघळायला लागतात. मी डब्यात पत्रक वाटत होते. मथळा माझाच होता: 'खर्रा म्हणजे कॅन्सर! कॅन्सर म्हणजे मृत्यू!'

खिडकीशी बारा-एक वर्षांची पोरगी बसली होती. डोक्याला घट्ट स्कार्फ, तोंडाला हिरवं कापड, हाडं मोजावीत असे हात. शेजारी बाप, मांडीवर डबा. तिने पत्रक मागून घेतलं, पुढून वाचलं, मागून वाचलं, खालची प्रेसची ओळही वाचली.

"ताई, हे तुमी लिव्हलं का?"

"हो."

"कॅन्सर म्हणजे मृत्यू?"

"हो ना. म्हणून तर सांगतो आम्ही लोकांना..."

"मंग मी कोन आहो? भूत आहो का?"

समोरच्या बाकावरच्या माणसाच्या तोंडात खर्राच होता. तो इतका हसला की त्याला खिडकीकडे धावावं लागलं.

"सुजाता, गप बस वो," बाप म्हणाला.

"काऊन गप बसू? मले ब्लड कॅन्सर आहे, ताई. दीड वर्ष झालं, मी मरूनच नाही राहिली." तिने हात पुढे केला. "पेन द्या."

पेन घेऊन तिने माझ्या गठ्ठ्यातली पत्रकं एकेक काढली आणि 'म्हणजे' आणि 'मृत्यू' यांच्या मधे वर बारीक अक्षरात लिहायला लागली: कधी कधी. कॅन्सर म्हणजे कधी कधी मृत्यू! तिरोडा गेलं, तुमसर रोड गेलं, पोरगी लिहीतच होती. दोनेकशे पत्रकं तरी तिने दुरुस्त केली. मी मुकाट्याने एकेक कागद पुढे सरकवत होते. असं काम मी माझ्या संघटनेच्या अध्यक्षाचंही कधी केलं नव्हतं.

भंडारा रोड आलं तेव्हा मी उगाच विचारलं, मोठ्या माणसांनी विचारायचा तो प्रश्न. मोठी होऊन काय होणार?

"सिस्टर," ती म्हणाली. "त्याच वार्डात. तिथं एकच सिस्टर अशी आहे का एका टोच्यात नस पकडते. बाकीच्या शोधूनच राहतात. मी एका टोच्यात पकडीन."

एवढंच हवं होतं तिला. पुढची सगळी वर्षं ते बदललं नाही. इतर मुलींचं शिक्षिकेवरून पोलिसावर, पोलिसावरून आणखी कशावर होतं, तसं तिचं कधी झालं नाही.

तिच्या बापाचं नाव देवाजी. दुसऱ्याच्या धानाच्या बांध्यात राबणारा, बोलायचा तर दिवसाला चार वाक्यं. आपल्या जिल्ह्यात केमोची सुई मिळत नव्हती. एका सुईसाठी दोन दिवस जायचे, एक जायचा, एक यायचा, आणि तिसऱ्या दिवशी पोरगी तापाने फणफणली की पुन्हा तीच पॅसेंजर. हे मी पत्रकात अनेकदा लिहिलं. लिहिताना माझी मूठ आवळलेली असायची. देवाजीकाका मात्र म्हणायचे, "गाडी बेस आहे ताई. बसाले जागा भेटते." त्यांची तक्रार नव्हती हे मला तेव्हा त्यांचं अज्ञान वाटायचं. आता वाटतं, तक्रार करायला माणसाला थोडा वेळ मोकळा लागतो.

पुढे मी त्यांच्याबरोबर नागपूरच्या वॉर्डात जायला लागले. तिथे सुजाता वेगळीच असायची. गावात ती आजारी पोरगी, इथे जुनं माणूस. नवी आई रडत आली की ही तिच्याजवळ जाऊन बसायची. पाणी उकळूनच, फळ सोलूनच, केस गळतील, परत येतील, दुसऱ्या जातीचे येतील. "माहे पयले सरळ होते," ती पुढे सांगायची, तिला कुरळे केस आल्यावर. "हे बदलीवर आलेले आहेत."

हातावरच्या शिरांना तिने नावं ठेवली होती. मनगटाजवळची 'मुकी', कारण ती टोचलं तरी रक्त द्यायची नाही. कोपरात एक होती ती 'ग्रामसेवक'.

"ग्रामसेवक काऊन?" मी विचारलं. बोलता बोलता माझी भाषाही तिच्यासारखी व्हायची.

"कामाच्या टायमाले गायब."

शिकाऊ डॉक्टर आला की ती हात पुढे करून सांगायची, "साहेब, ग्रामसेवकाच्या नादी लागू नोका. ह्या अंगठ्याच्या बाजूनं या." बहुतेक जण ऐकायचे. एकाने ऐकलं नाही. चार वेळा टोचून झाल्यावर तो घामाघूम झाला तेव्हा ही म्हणते, "बसा थोडे. पानी प्या. तुमची पयली वेळ आहे का?"

कुणी 'बिचारी' म्हटलं की तिचा चेहरा दगड व्हायचा. 'कशी आहेस' विचारलं की ती हिमोग्लोबिन सांगायची. "नऊ पॉइंट आठ." दवनीवाड्याच्या बाजारात एका म्हातारीने विचारलं, "कशी हास बाई?" तर हिचं उत्तर, "दहा पॉइंट चार." म्हातारीला वाटलं, कशाचा तरी भाव सांगते. म्हणाली, "महाग झालं वो मा." सुजाता ही गोष्ट वॉर्डात प्रत्येक नव्या पेशंटला सांगायची.

आणि संत्री. नागपूरला आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण संत्री आणतो. औषध चढत असताना सोललेल्या संत्र्यांचा वास तिच्या डोक्यात असा बसला की तिला तो कायमचा सोसेना. बरी झाल्यावरही बसमध्ये कुणी संत्रं सोललं की ती उतरून पुढच्या बसने यायची. "नागपूरले तीन वर्ष गेली अन् एक संत्र नाही खाल्लं, अशी मी एकटीच असंन," असं हसत सांगायची. पण तेव्हा ओठ पांढरे पडलेले असायचे.

उपचार संपले तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची होती. नवीन दप्तर घेऊन शाळेत गेली, तीन वर्षांनी लहान पोरांच्या वर्गात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून काही महिने उकळलेलं पाणी. देवाजीकाकांनी मुख्याध्यापकांना तसं सांगून ठेवलं. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तेव्हा मी तसं लिहायला तयार नव्हते. त्यांना वाटलं, पोरीसाठी आपणही काही करावं. त्यांनी नवा माठ आणला, व्हरांड्याच्या टोकाला ठेवला, त्यावर चुन्याने 'सुजाता' लिहिलं, आणि प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला सांगितलं: या माठाला कुणी हात लावायचा नाही.

शनिवारी देवाजीकाका पोरीला घ्यायला गेले. त्यांनी माठ पाहिला. नाव वाचलं. मुख्याध्यापकांना हात जोडून म्हणाले, "सर, तुमचं मन चांगलं आहे. पन वेगळा माठ आमच्या घरानं दीक्षा घेतली त्याच दिवशी सोडला." आणि भरलेला माठ खांद्यावर घेऊन पायी घरी निघाले. मागून दप्तर घेऊन सुजाता.

मुख्याध्यापकांना चूक कळली तेव्हा ते घरी येऊन रडले म्हणतात. मी मात्र त्याच आठवड्यात पत्रकाचा मजकूर तयार केला होता: 'शाळेत आजही वेगळा माठ!' देवाजीकाका म्हणाले, "नोको ताई. ते मानूस तसं नाही." मी चिडले. सुजाताला म्हटलं, तुला काय वाटतं? तर ती म्हणाली, "माठ चांगला होता. त्यातलं पानी थंड राहे."

त्यानंतर ती घरून बाटली नेऊ लागली. आणि एकदा चोरून सगळ्यांच्या हातपंपाचं पाणी प्याली. ते डॉक्टरांना आपण होऊन अभिमानाने सांगून बोलणी खाऊन आली.

आता माझं.

ती सोळाची होती. संघटनेने मोठी मोहीम घेतली: लहान मुलांच्या कॅन्सरचे उपचार जिल्ह्यात मिळाले पाहिजेत, मुलाबरोबर जाणाऱ्याचा प्रवास मोफत झाला पाहिजे. मागण्या योग्य होत्या, आजही योग्य आहेत. पत्रकाला चेहरा हवा होता. चेहरा माझ्याकडे होता.

धान रोवण्याचे दिवस होते. मी तिच्या गावी गेले तेव्हा सुजाता शाळेत होती. देवाजीकाका बांधावर भेटले, कोपरापर्यंत चिखल. मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं.

"तिले इचारा ना, ताई. चार वाजता येतेच."

"काका, प्रेसवाला थांबलाय. उद्या छापून हवं आहे. तुम्ही वडील आहात, तुमची सही चालते."

मी! बाईच्या संमतीवर चार पत्रकं लिहिलेली मी, सोळा वर्षांच्या पोरीसाठी बापाची सही घेत होते. त्यांनी हात धुतले, माझ्या सायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली. घरी जाऊन बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीच्या चौकटीत खोचलेला फोटो काढून दिला. वॉर्डातल्या सिस्टरने तिच्या वाढदिवसाला काढलेला. डोकं तुळतुळीत, डोळे मोठे, हसणं सगळ्या चेहऱ्यावर. माझ्याजवळ तिचा शाळेतला, कुरळ्या केसांचा फोटोही होता. दोन्ही घेऊन मी गोंदियाला प्रेसमध्ये गेले.

प्रेसवाल्याने दोन्ही टेबलावर ठेवले. "मैडम, गंजेवाला दीजिए. बालवाला कौन देखेगा?"

मी गंजेवाला दिला.

मजकूर मी तिच्या तोंडून लिहिला. 'मी सुजाता. मी कॅन्सरला हरवलं! मी मृत्यूच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं!' मला तो फार आवडला होता. दोनदा मोठ्याने वाचून दाखवला कार्यालयात.

तिला ते पत्रक बाजारात मिळालं. मुरमुऱ्यांची पुडी सोडली तर आत तिचंच डोकं. दुसऱ्या दिवशी जीपने गोंदियाला आली, कार्यालयाच्या दारात उभी राहिली. मुरमुऱ्यांचं मीठ लागलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"नाव माहं. फोटो माहा. अन् 'मी, मी' तू करून राहिली."

"अगं, तुझ्यामुळे कितीतरी मुलांना..."

"ते समजते मले. एवढी भोळी नाही मी. मले इचारलं असतं तं मी हो म्हटलं असतं ना." कागद माझ्याकडे सरकवून, "केसवाला फोटो देला असता."

मी काहीतरी बोलले. परिणामकारकता वगैरे.

"अन् हे हरवलं म्हणजे काय?" तिने बोट ठेवलं. "मी कोनाले नाही हरवलं, ताई. मी पडून होती. औषध चढून राहिलं होतं. बाजूच्या पलंगावर भाग्या होती, ते बी पडून होती. तिले बी तेच औषध चढून राहिलं होतं. ते गेली. मंग ते हारली का? तिच्या मायनं हे वाचलं तं?"

मी विचारलं, मग काय लिहायला हवं होतं?

"'बरी झाली' एवढंच."

ती म्हणाली, उरलेली पत्रकं वाटू नका. मी म्हणाले, नाही वाटणार. पण उरलेली नव्हतीच. प्रत्येक आरोग्य केंद्र, प्रत्येक एस.टी. स्थानक, नर्सिंगच्या संस्था, सगळीकडे आमची पोरं चिकटवून आली होती. जिल्ह्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत. आम्हाला आमच्या चिकटवण्याचा गर्व होता. तांदळाच्या पेजेत मोरचूद घालून आम्ही खळ करायचो. वाळवी लागायची नाही आणि कागद निघायचा नाही. भिंत निघेल, पत्रक निघणार नाही, असं आम्ही म्हणायचो.

दहावीत तिला चांगले गुण पडले. तेव्हा दहावीवर नर्सिंगच्या छोट्या कोर्सला घेत असत. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या यादीत तिचं नाव लागलं, वरून सातवं. गावात पेढे वाटले. सातवा क्रमांक ती हिमोग्लोबिनसारखा सांगत सुटली. फक्त वैद्यकीय तपासणी उरली होती.

तपासणीला आम्ही तिघं गेलो. आवारात लिंबाखाली बसून ती फॉर्म भरत होती. उंची, वजन, चष्मा. एका रकान्यावर तिचं पेन थांबलं.

"ताई, 'यापूर्वी झालेला गंभीर आजार'. काय लिहू?"

तिच्या पिशवीत नागपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. ती तिने स्वतः मागून आणली होती: पूर्ण बरी आहे, शिक्षणास व कामास योग्य. ती चिठ्ठी लावायची, खरं लिहायचं, हे तिच्या मनात ठरलेलं होतं. मला विचारलं ते फक्त खात्रीसाठी.

आणि मी, जिने जन्मभर 'सत्य सांगा, निर्भय व्हा' असं छापलं, ती मी म्हणाले, "'नाही' लिही. कॅन्सर शब्द वाचला की दार लावतील. चिठ्ठी पिशवीतच राहू दे. आत शिरलीस की मग पाहू."

"खोटं नाही का होनार?"

"आता आहे का तुला? नाही ना? मग नाहीच."

देवाजीकाका लिंबाच्या मुळीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेली ताई सांगते म्हटल्यावर ते काय म्हणणार? सुजाताने 'नाही' लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं.

मी तिच्या पुढे जाऊन खोली कुठे आहे ते पाहायला गेले. लांब बोळ, दोन्हीकडे बाकं, टोकाला तपासणीची खोली. आणि खोलीच्या दाराशेजारी, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, आमचं पत्रक.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. अरे वा, इथपर्यंत पोचलं, असं वाटलं.

मग कळलं.

मी नखांनी ओरबाडायला लागले. खळ आमचीच होती. खालचा डावा कोपरा निघाला, त्याबरोबर नाव निघालं, संघटनेचा पत्ता निघाला. चेहरा निघेना. मी थुंकी लावली, चावीने खरवडलं. हसणाऱ्या तोंडावर एक चरा पडला, बस. बाकावरच्या मुली बघत होत्या. शिपाई आला. "ओ बाई, सरकारी भिंत आहे, काय करून राहिले?"

मागे सुजाता उभी होती, फॉर्म छातीशी धरून. तिने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्या नखांकडे. आणि आत गेली.

दार उघडंच होतं. तपासणारे गृहस्थ वयस्क होते. वजन झालं, डोळे झाले, छाती झाली. सगळं ठीक. मग त्यांनी फॉर्म पाहिला, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि दाराबाहेर भिंतीकडे. रोज त्या दारातून ये-जा करणारा माणूस. तो चेहरा त्यांना पाठ झालेला असणार. कुरळे केस मधे होते, पण ते डोळे कसे लपतील?

"बाहेरचा फोटो..."

"माहाच आहे," सुजाता म्हणाली. त्यांना विचारूही दिलं नाही. पिशवीतून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "हे डाक्टरची चिठ्ठी. बरी झाली मी."

त्यांनी चिठ्ठी पूर्ण वाचली. दोनदा. घडी करून परत दिली.

"बाळ, आजाराबद्दल माझं काही म्हणणं नाही. तू इथे 'नाही' लिहिलंस. खाली सही केलीस की माहिती खरी आहे. याचं मी काय करू?"

मी आत घुसले. ओरडले. माझं ते काम आहे, मला येतं ते. "खरं लिहिलं असतं तर घेतलं असतं का तुम्ही? सांगा ना! घेतलं असतं?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तो प्रश्न आता उरला नाही, मॅडम."

परतताना जीपमध्ये देवाजीकाका एकच वाक्य बोलले. "ताई, तुमी बी का करान जी." मला त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला, दुसऱ्या संस्थेत. यावेळी मला विचारलं नाही. खरं लिहिलं, चिठ्ठी लावली. त्यांनी प्रकरण वर पाठवलं. वरून उत्तर आलं की आजार पुन्हा उद्भवणार नाही असं प्रमाणपत्र जोडा. मी ते पत्र घेऊन नागपूरच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "पुन्हा आजारी पडणार नाही, असं मी स्वतःबद्दल लिहून देऊ शकत नाही. कुणाबद्दलच देऊ शकत नाही." मी निवेदनं दिली. या टेबलावरून त्या टेबलावर, साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगमध्ये, साहेब बदलले. धरणं धरलं, सातजण आलो. प्रत्येक माणूस सहानुभूतीने बोलायचा. एकही वाईट माणूस सापडला नाही मला त्या सगळ्यात. सापडला असता तर त्याच्याविरुद्ध लिहिता आलं असतं.

तिसऱ्या वर्षी मी तिच्या घरी गेले. म्हटलं, आता आपण हेच छापू. बरी झालेली मुलगी आणि तिला नर्स न होऊ देणारी व्यवस्था. तू म्हणशील तो फोटो, तू म्हणशील ते शब्द. आधी तुला दाखवीन.

ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं नाही.

"नोको."

"अगं पण अन्याय आहे हा!"

"आहे ना. मी कुठं नाही म्हटलं?" तिने एक खडा काढून अंगणात फेकला. "पन आता मले कोनी रस्त्यात ओळखत नाही, ताई. लय मेहनतीनं झालं ते. राहू दे."

मी म्हटलं, मग आशा कार्यकर्ती हो, गावातच काम आहे. मी चौकशीही करून आले होते. ती हसली. "त्याले लग्न झालेली पायजे. अन् लग्नाले..." पत्रक बाजारात फिरलं होतं. दोन स्थळं दारातून परत गेली होती, हे मला तिच्या आईने आधीच सांगितलं होतं.

चहा झाला. मी निघाले. मला दुसरं काही करता येत नव्हतं, आणि जे येत होतं ते तिला नको होतं.

त्यानंतर मी तिला एकदाच पाहिलं. दोन-तीन वर्षांनी असेल, पोलिओच्या रविवारी. मी एस.टी.ने चालले होते, गाडी तिच्या गावच्या थांब्यावर थांबली. रस्त्यापलीकडे समाजमंदिराच्या ओट्यावर बूथ मांडला होता. टेबल, पिवळं फडकं, लशीचा निळा डबा. टेबलामागे सुजाता. निळी साडी, केसांची घट्ट वेणी, आता चांगली मोठी बाई दिसत होती. हातात काळं पेन. डोस पाजून झाला की पोराच्या डाव्या करंगळीला खूण करायची, एवढं काम तिला दिलेलं. पाजणारी सिस्टर नव्हती. खुर्ची रिकामी होती, चहाला गेली असावी.

रांगेत सहा-सात बाया, कडेवर पोरं, डोक्यावर ऊन. पहिल्या बाईचं पोर किंचाळत होतं. मला खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"सुजाता, तूच पाज ना वो. दोन थेंबच तं आहेत."

"थांबा थोडं."

"तुले तं येते. कायले थांबवून राहिली? ऊन पाय ना कसं आहे!"

"नाही जमत, वयनी. मले नाही सांगतलं ते."

"कोन पाहाले येते इथं?"

पोर आणखी जोरात रडायला लागलं. सुजाताने पेन खाली ठेवलं. वाकून त्या पोराचं तोंड पदराने पुसलं, त्याच्या हनुवटीला दोन बोटं लावली. तोंड आपोआप उघडलं. लालचुटूक, वाट पाहत असलेलं तोंड. ती क्षणभर तशीच थांबली, बोटं हनुवटीवर. मग हात मागे घेतला.

कंडक्टरने घंटी मारली. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मारली नाही. बस हलली तेव्हा ती खुर्चीत सरळ बसली होती, डब्याच्या झाकणावर दोन्ही हात ठेवून, आणि बायांना सांगत होती:

"येतेच आता. सिस्टर येतेच."